कामकरी मुलांचा जामीनदार : संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी पवित्र ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. आपल्या भाविकांना हे नाव नवे नाही. मुलांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या या हसतमुख धर्मगुरूंची तसबीर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा चर्चमध्ये पाहिलेली असते. त्यांची स्वप्ने आणि त्यांच्या हातून घडलेले चमत्कार आपण प्रवचनांतून ऐकलेले असतात. परंतु गरीब मुलांच्या हाताला हुन्नर मिळावा, त्या हुन्नराला योग्य मोल मिळावे आणि मूल माणूस म्हणून उभे राहावे यासाठी या संताने दिवसेंदिवस नेमके काय केले, याची माहिती आपल्याकडे त्या मानाने थोडी आहे. म्हणून या सणाच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या जीवनाची ही बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पोरके बालपण

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात, कास्टेलनुओव्हो गावाच्या बेक्की नावाच्या वाडीत एका शेतकरी कुटुंबात झाला. १८१७ साली, तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, त्याचे वडील फ्रान्सिस न्युमोनियाने दगावले. त्याच वर्षी त्या भागात दुष्काळ पडला. आई मार्गारेट यांच्या पदरात दोन लहान मुले, एक सावत्र मुलगा आणि वृद्ध सासू होती. मार्गारेट यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण धर्मशिक्षणाचे धडे त्यांना तोंडपाठ होते आणि कष्टाची त्यांना कधीच लाज वाटली नाही. जॉनची पहिली शाळा म्हणजे हीच आई.

नऊ वर्षांचा असताना जॉनने एक स्वप्न पाहिले. मैदानात दंगा करणाऱ्या, अपशब्द बोलणाऱ्या मुलांना गप्प करण्यासाठी तो त्यांच्यावर धावून गेला व मुठींनी मारू लागला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि ही मुले मारून नव्हे तर मायेने जिंकायची आहेत असे बजावले. त्या स्वप्नाचा पूर्ण अर्थ त्याला कळला नाही, पण ते तो कधी विसरलाही नाही.

जॉनला शिकून धर्मगुरू व्हायचे होते. शेतात राबणारा सावत्र भाऊ अँथनी मात्र पुस्तकांवर नाराज असे. शेतकऱ्याच्या पोराला लॅटिन कशाला हवे, असा त्याचा रोख होता. घरातील भांडण वाढत गेले, तेव्हा मार्गारेट यांनी काळजावर दगड ठेवून १८२८ च्या हिवाळ्यात बारा वर्षांच्या जॉनला परक्या शेतावर गडी म्हणून पाठवले. जवळजवळ दोन वर्षे त्याने तेथे गुरे राखली. पुढे एका वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले, पण १८३० साली तेही देवाघरी गेले आणि मुलाची सारी आशा एका दिवसात मावळली.

तरीही त्याने शिक्षण सोडले नाही. कास्टेलनुओव्होच्या शाळेत जाताना तो एका शिंप्याच्या घरी राहिला आणि कापड बेतणे, काजे करणे, शिवणे शिकला. लोहाराच्या भट्टीवर त्याने घण चालवला. १८३१ पासून किएरी शहरात शिकताना तो एका कॉफीगृहात कामाला राहिला. रात्री जिन्याखालच्या अरुंद जागेत झोपायचे, दिवसा वर्गात बसायचे आणि मधल्या वेळात कॉफी व मिठाई बनवायची, असा त्याचा क्रम होता. पोटाची सोय लावताना हाती आलेले हे हुन्नर पुढे हजारो मुलांच्या उपयोगी पडणार होते, याची त्याला तेव्हा कल्पना असणे शक्य नव्हते. १८३५ साली त्याने सेमिनरीत प्रवेश केला आणि ५ जून १८४१ रोजी ट्युरिन येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. तेव्हापासून लोक त्यांना डॉन बॉस्को म्हणू लागले. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात.

तुरुंगातील धडा

त्या काळी ट्युरिन शहर झपाट्याने वाढत होते. इमारती उठत होत्या, कारखाने निघत होते आणि कामाच्या शोधात खेड्यापाड्यांतून मुलांचे लोंढे येत होते. दहा-बारा वर्षांची मुले परातीवर परांतीवर चढून विटा व चुना पोहोचवीत, धुराडी साफ करीत, रस्ते झाडीत. रात्री ती मिळेल त्या आडोशाला झोपत. मजुरी किती मिळणार हे मालकाच्या मर्जीवर असे आणि मार मात्र ठरलेला असे.

संत जोसेफ काफासो हे डॉन बॉस्को यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. त्यांनी या तरुण धर्मगुरूंना शहरातील तुरुंग दाखवले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, तल्लख मुले उवांनी भरलेल्या कोठड्यांत खितपत पडलेली पाहून डॉन बॉस्को हादरून गेले. त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. सुटताना यापुढे नीट वागण्याचा निश्चय करून बाहेर पडलेली मुले काही दिवसांतच पुन्हा आत येत. कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे, त्यांना काम मिळवून देणारे, रविवारी त्यांची विचारपूस करणारे कोणीच नसे. अशा मुलाला बाहेर एक मित्र लाभला असता तर तो परत आला नसता, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ आम्हाला या तुरुंगभेटीत दिसते.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, ते असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये मिस्साची तयारी करीत होते. सॅक्रिस्टीत एक मुलगा शिरला. मिस्सासेवा करता येत नाही असे त्याने सांगताच चर्चच्या सेवकाने त्याला झोडपून बाहेर काढले. डॉन बॉस्को यांनी त्या मुलाला आपला मित्र म्हणवून परत बोलावले. बार्थोलोम्यू गारेल्ली हे त्याचे नाव. वय सोळा वर्षे, धंदा गवंडीकाम, आईवडील हयात नाहीत आणि अक्षरओळख शून्य. मिस्सा झाल्यावर डॉन बॉस्को यांनी त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याला शीळ वाजवता येते का असे विचारून हसवले आणि एक नमो मरिया म्हणून धर्मशिक्षणाचा पहिला धडा दिला. पुढच्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला. गवंडी, पाथरवट, गिलावा करणारे असे कामकरी मुलगे दर रविवारी जमू लागले. प्रार्थना, धर्मशिक्षण, खेळ आणि गाणी असा त्या दिवसाचा कार्यक्रम असे. याच मेळाव्याला पुढे ओरेटरी हे नाव रूढ झाले.

रविवारपुरती भेट घेऊन डॉन बॉस्को थांबले नाहीत. आठवड्यातील इतर दिवशी ते बांधकामांवर व कारखान्यांत जाऊन आपल्या मुलांना भेटत. ज्याला काम नसेल त्याच्यासाठी प्रामाणिक मालक शोधत. आपली चौकशी करायला एक धर्मगुरू येतो याचे मुलांना अप्रूप वाटे, आणि मालकांनाही या मुलाच्या पाठीशी कोणीतरी आहे हे कळून चुके.

छपराखालची रात्रशाळा

शेकडो मुलांचा गोंगाट कोणाला सहन होणार? १८४४ पासून दोन वर्षे ही ओरेटरी जागोजागी फिरत राहिली. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, जागा सोडाव्या लागल्या, शेवटी तर उघड्या कुरणावर मुले जमवण्याची पाळी आली. पोलिसांना बंडाचा संशय येई आणि काही सहकारी धर्मगुरूंना डॉन बॉस्को यांचे डोके फिरले आहे असे वाटे. ज्या बारोलो घराण्यातील दानशूर बाईंच्या संस्थेत ते धर्मगुरू म्हणून सेवा करीत, त्यांनीही संस्थेचे काम किंवा ही मुले यांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. डॉन बॉस्को यांनी मुलांची निवड केली आणि हक्काचे वेतन सोडले.

१२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, वाल्डोक्को या वस्तीत पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी पडवी ओरेटरीला मिळाली. छप्पर इतके खाली होते की आतली जमीन खोदून उंची वाढवावी लागली. त्याच उन्हाळ्यात श्रमांनी खंगलेले डॉन बॉस्को मरणाच्या दारात पोहोचले. गवंडीकाम करणाऱ्या मुलांनी उन्हात विटा वाहत असताना उपवास धरले आणि रात्रंदिवस प्रार्थना केली. ते बरे झाले आणि आपले उरलेले आयुष्य याच मुलांचे आहे असे त्यांनी मानले. नोव्हेंबरमध्ये ते आई मार्गारेट यांना घेऊन वाल्डोक्कोला परतले. मार्गारेट यांनी आपल्या लग्नातील वस्त्रे व गळ्यातील सोन्याचा दागिना विकून मुलांच्या जेवणाची सोय केली. १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत दहा वर्षे त्या या घराची आई होऊन राहिल्या.

मुले दिवसभर कामावर असत, म्हणून १८४५ च्या हिवाळ्यापासून डॉन बॉस्को यांनी रात्रशाळा सुरू केली होती. वाचन, लेखन आणि धर्मशिक्षण यांच्याबरोबर ते अंकगणित व रेखाचित्रकला शिकवीत. सुताराला किंवा गवंड्याला नकाशा वाचता आला नाही तर तो जन्मभर हरकाम्याच राहील, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षक कमी पडत, तेव्हा मोठ्या मुलांना आधी शिकवून त्यांच्याकडून ते लहानांना शिकवून घेत. राज्यात १ जानेवारी १८५० पासून दशमान मापनपद्धती सक्तीची होणार होती. मीटर, लिटर आणि किलोग्रॅम यांचा हिशेब ज्याला येणार नाही त्याला दुकानात व कामावर सहज फसवता येईल, हे ध्यानात घेऊन त्यांनी या पद्धतीवर सोपे पुस्तक लिहिले आणि मुलांकडून संवाद बसवून घेऊन ते शिकवले. जीवनकौशल्य हा शब्द आज आपण वारंवार ऐकतो. त्याचा इतका साधा व नेमका नमुना क्वचितच सापडेल.

१८५० साली त्यांनी कामकरी मुलांची परस्पर साहाय्य मंडळीही स्थापन केली. प्रत्येकाने दर रविवारी एक लहान नाणे जमा करायचे आणि कोणी आजारी पडला किंवा त्याचे काम सुटले तर त्या निधीतून त्याला मदत द्यायची, असा नियम होता. १९१८ साली वसईत कॅथॉलिक बांधवांनी सहकारी पतसंस्था उभारली. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकांना या लहान नाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. बचतीची सवय आणि शेजाऱ्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी मुले त्यातून शिकली.

स्टँपपेपरवरील माया

डॉन बॉस्को यांच्या कार्यातील सर्वांत लक्षणीय कागद म्हणजे उमेदवारीचे करारनामे. त्यांपैकी १८५१ व १८५२ सालचे करार जतन झालेले आहेत. ८ फेब्रुवारी १८५२ च्या करारात जोसेफ ओडासो नावाचा मुलगा एका सुताराकडे दोन वर्षांच्या उमेदवारीसाठी राहिला. स्टँपपेपरवर मालकाची, मुलाची, मुलाच्या वडिलांची आणि डॉन बॉस्को यांची सही आहे.

या करारातील अटी आम्हाला सविस्तर सांगाव्याशा वाटतात. मालकाने मुलाला धंद्यातील सर्व आवश्यक कसब शिकवायचे. धंद्याशी संबंध नसलेली घरगडीपणाची कामे त्याला सांगायची नाहीत. चूक झाल्यास शब्दांनी समजावायचे, हात उगारायचा नाही. सणाचे दिवस पूर्ण मोकळे द्यायचे म्हणजे मुलाला मिस्साला व ओरेटरीत जाता येईल. वर्षातून पंधरा दिवसांची रजा द्यायची. मजुरी ठरलेली असावी आणि कसब वाढेल तशी ती वाढावी. मुलानेही आज्ञाधारक, मेहनती व प्रामाणिक राहायचे आणि त्याच्या वर्तनाची हमी डॉन बॉस्को यांनी घ्यायची.

ज्या काळात उमेदवाराला मालकाची मालमत्ता समजत, त्या काळात हे लिहून घेणे सोपे नव्हते. नऊ वर्षांच्या जॉनला स्वप्नात मिळालेली शिकवण, सॅक्रिस्टीत मार खाणारा गारेल्ली आणि परक्याच्या शेतावर राबलेले स्वतःचे बालपण, या साऱ्यांचे सार त्या न मारण्याच्या अटीत उतरले आहे असे आम्हाला वाटते. डॉन बॉस्को मुलांवर अपार माया करीत. पण केवळ मायेवर विसंबून त्यांनी मुलाला मालकाच्या दारात सोडले नाही. ती माया त्यांनी कायद्याच्या भाषेत लिहून घेतली आणि खाली स्वतः जामीन म्हणून सही केली.

घरातील कारखाने

तथापि बाहेरच्या कारखान्यांतील वातावरण मुलांना बिघडवते हे त्यांना दिसत होते. म्हणून १८५३ साली त्यांनी वाल्डोक्कोतच जोडे शिवण्याचा आणि शिंपीकामाचा विभाग काढला. बोळात मांडलेली दोन बाके आणि जुन्या स्वयंपाकघराची जागा एवढेच त्यांचे भांडवल होते. लहानपणी शिकलेले शिंपीकाम आता त्यांच्या कामी आले. १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम आणि १८६२ च्या सुमारास छापखाना व लोहारकाम सुरू झाले. स्वतः लिहिलेले पुस्तक घरच्या छापखान्यात मुलांनी खिळे जुळवून छापावे, घड्या घालून शिवावे आणि गरीब वाचकांपर्यंत स्वस्तात पोहोचवावे, अशी साखळी त्यांनी उभारली.

हे सर्व पहिल्याच प्रयत्नात जमले असे नाही. बाहेरून पगारावर आणलेले कारागीर मुलांना शिकवण्यात टाळाटाळ करीत. कामाचे उत्पन्न कारागिरांच्या हाती सोपवून पाहिले, तर ते नफ्यासाठी मुलांना हरकाम्यांसारखे राबवू लागले. अनेक वर्षे पद्धती बदलत गेल्यावर डॉन बॉस्को यांनी व्यवस्था घराच्या हाती ठेवली आणि हळूहळू धर्मबंधूंमधूनच निष्णात कारागीर-शिक्षक तयार केले. हातात रंधा किंवा ऐरणीवरचा हातोडा घेऊन देवाची सेवा करणारा धर्मबंधू ही त्यांची ख्रिस्तसभेला मोठी देणगी होय.

डिसेंबर १८५९ मध्ये त्यांनी सोबत्यांसह सालेशियन संस्थेचा पाया घातला. मायकल रुआ यांच्यासारखे त्यांचे पहिले साथीदार याच अंगणात लहानाचे मोठे झाले होते. मुलींचाही विसर पडला नाही. मॉर्नेझे गावच्या मारिया माझारेल्लो यांची शेतातील कामाची शक्ती १८६० सालच्या विषमज्वराने हरपली, तेव्हा त्या शिवणकाम शिकल्या आणि गावातील मुलींना ते शिकवू लागल्या. १८७२ साली डॉन बॉस्को यांनी त्यांच्यासह ख्रिस्तीजनांची साहाय्यमाता मरिया हिच्या कन्या हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. नोव्हेंबर १८७५ मध्ये पहिले सालेशियन मिशनरी अर्जेंटिनाला रवाना झाले.

१८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा प्रबंध लिहिला. विवेक, धर्म आणि वात्सल्य ही तिची तीन अंगे. शिक्षा करण्याची वेळ येऊ नये अशा रीतीने मुलांच्या सतत सान्निध्यात राहावे, हा तिचा गाभा. १८८४ च्या ट्युरिनमधील राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या मुलांनी कागद बनवण्यापासून बांधलेल्या पुस्तकापर्यंतची सर्व प्रक्रिया लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवली. १८८६ च्या सालेशियन महासभेने कारागीर मुलांच्या शिक्षणाची त्रिविध दिशा निश्चित केली. ती म्हणजे धार्मिक-नैतिक, बौद्धिक आणि व्यावसायिक घडण.

मे १८८७ मध्ये रोममधील येशूच्या पवित्र हृदयाच्या नव्या मंदिरात मिस्सा अर्पण करताना डॉन बॉस्को यांना वारंवार अश्रू अनावर झाले. नवव्या वर्षीच्या स्वप्नाचा अर्थ त्यांना तेव्हा उलगडला होता. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे ते प्रभूच्या भेटीस गेले. पोप अकरावे पायस यांनी १ एप्रिल १९३४ रोजी त्यांना संतपद बहाल केले आणि १९५८ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना इटलीतील उमेदवार कामगारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांचे पुत्र १९०६ साली तंजावरला, १९२८ साली मुंबईला आणि १९४६ साली गोव्यात पणजीला पोहोचले.

आपल्यासाठी

डॉन बॉस्को यांच्या जीवनातून आपल्या धर्मग्रामांनी काय घ्यावे? शिवणवर्ग, संगणकवर्ग, मार्गदर्शन शिबिरे आपणही भरवतो. समारोपाला प्रमाणपत्रे वाटतो, छायाचित्रे काढतो आणि पुढच्या वर्गाच्या तयारीला लागतो. परंतु प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाचे पुढे काय झाले? त्याला काम मिळाले का, ठरलेला पगार हाती येतो का, रविवारची सुट्टी मिळते का, हे विचारायला त्याच्या दारी कोण जातो? डॉन बॉस्को यांचे खरे काम वर्ग संपल्यावर सुरू होत असे.

हे करायला फार मोठे भांडवल लागत नाही. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलामुलींची नावे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक असतात. आपल्यातच कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, निवृत्त कारागीर व शिक्षक आहेत. त्यांपैकी एकाने एका मुलाची जबाबदारी घ्यावी. त्याला कामावर ठेवणाऱ्याशी बोलावे, अटी कागदावर लिहून घ्याव्यात आणि महिन्यातून एकदा तरी त्याची भेट घ्यावी. ज्यांच्याकडे आपल्या मुलांसारखीच कोणाची तरी मुले कामाला आहेत, त्या मालक बंधुभगिनींनी १८५२ च्या त्या करारातील अटी स्वतःला लावून पाहाव्यात.

तुरुंगाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलाची वाट पाहणारे कोणी नाही, या एका दुःखातून संत जॉन बॉस्को यांचे सारे कार्य उभे राहिले. आपल्या धर्मग्रामातील एकाही मुलाला तसे वाटू नये, यासाठी त्यांच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या आणि या सणानंतरच्या पहिल्याच रविवारी अशा एका तरी मुलाच्या घरी जाऊ या.